कृपा दोघांचीही, मग फरक कुठे? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शिकवण समोरासमोर

वसईचं कॅथलिक घर आणि अहिल्यानगरचं प्रोटेस्टंट घर यांच्यात सोयरीक जुळली की हॉल, जेवण, मानपान सगळं ठरतं आणि मग प्रश्न उरतो, पुढे कुठल्या चर्चमध्ये जायचं? एका बाजूचे काका सांगतात, "ते कर्मांनी तरायला बघतात, आपण विश्वासाने तरतो." दुसऱ्या बाजूची मावशी म्हणते, "त्यांचं बरं आहे, विश्वास ठेवला की झालं, मग कसंही वागा." या दोन वाक्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. दोन्ही चुकीची आहेत.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 1547 साली प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीला उत्तर दिलं. त्यातला पहिलाच नियम असा की ख्रिस्ताच्या कृपेवाचून, आपल्या कर्मांच्या जोरावर माणूस देवापुढे नीतिमान, म्हणजे त्याला मान्य असा, ठरू शकतो असं म्हणणारा बहिष्कृत. आणि ल्यूथरपंथीयांनी 1530 मध्ये आउग्सबुर्गला मांडलेल्या विश्वासपत्रात चौथं कलम विश्वासाने नीतिमान ठरण्याचं आहे, तर सहावं सांगतं की या विश्वासाला चांगली फळं आलीच पाहिजेत. म्हणजे सुरुवात कृपेनेच होते आणि चांगलं वागणं सोडून चालत नाही, एवढं दोघांनाही मान्य आहे.

फरक त्याच्या पुढे आहे. समजा कुणी तुमच्या नावे जमिनीचं बक्षीसपत्र करून दिलं. प्रोटेस्टंट म्हणतील, नोंदणी झाली, जमीन तुमची. ती आज पडीक असली तरी मालकीला धक्का नाही. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व तुमच्या नावावर मांडलं गेलं, विश्वास म्हणजे ते स्वीकारणारा रिकामा हात. पुढची मशागत होईल, व्हायलाच हवी, पण तिला ते पवित्रीकरण म्हणतात आणि वेगळं ठेवतात. म्हणून ल्यूथर म्हणू शकला की ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. कॅथलिक शिकवणीत मशागतही त्याच दानाचा भाग आहे. देव नुसती क्षमा करत नाही, माणसाला आतून नवा करतो, आणि कृपेच्या बळावर केलेल्या सत्कृत्यांनी हे नीतिमत्त्व वाढतं. ल्यूथरपंथीयांना हे 'वाढतं' खटकतं.

दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभं करतात. बायबलच्या नव्या करारातला प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना जुन्या करारातल्या उत्पत्तीच्या 15व्या अध्यायाकडे बोट दाखवतो. तिथे अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. सुंता तर नंतरची, 17व्या अध्यायातली. नव्या करारातलंच एक पत्र लिहिणारा याकोब मात्र 22व्या अध्यायातल्या इसहाकाच्या अर्पणाकडे वळतो आणि माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही, असं स्पष्ट म्हणतो. ल्यूथरला याकोबाचं पत्र इतकं अडचणीचं वाटलं की त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. माझ्या मते इथे ल्यूथरचा तोल गेला. याकोब ज्याला नाकारतो तो विश्वास भुतांचाही असतो, नुसतं मानणं. पौलाचा विश्वास तो नव्हे. पौल स्वतःच गलतीकरांना प्रीतीतून काम करणाऱ्या विश्वासाबद्दल लिहितो.

रोजच्या जगण्यात खरी तफावत जाणवते ती तारणाच्या खात्रीच्या प्रश्नावर. 'आज मी मेलो तर?' ट्रेंट म्हणतं, आशा भक्कम ठेवा, पण आपण कृपेत आहोत हे कुणी अचूक, निःसंशय श्रद्धेने जाणू शकत नाही. मठात पापनिवेदन करकरून थकलेल्या ल्यूथरला नेमकी हीच अनिश्चितता असह्य झाली होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहिलं. काही वर्षांनी मनाला जी शांती मिळाली तिची त्यांनी जाहीर साक्ष दिली. ज्याला 'मी पुरेसा चांगला आहे का' ही टोचणी झोपू देत नाही, त्याला प्रोटेस्टंट शिकवण जास्त दिलासा देईल. अर्थात तिथेही शंकेखोर मन 'माझा विश्वास तरी खरा आहे का' असं उकरायला लागतंच. आणि सगळे प्रोटेस्टंट एकमताचे नाहीत. सुधारक कॅल्व्हिनच्या (रिफॉर्म्ड) परंपरेत देवाने निवडलेला शेवटपर्यंत टिकतो, मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मते माणूस कृपेतून घसरू शकतो.

घसरल्यावर काय? इथे मला कॅथलिक बाजू जास्त माणूस ओळखणारी वाटते. गंभीर पापाने कृपा हरवते, आणि फादरांपुढे पापनिवेदन करून मुक्तीचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळतात. प्रोटेस्टंट उपासनेत सगळे मिळून पापकबुली देतात, बाकी देव आणि तुम्ही. काहींना तेवढं पुरतं. काहीजण तीच गोष्ट वर्षानुवर्षं मनात घोळवत बसतात. खाजगी पापनिवेदन ल्यूथरलाही हवं होतं, हे त्याचे अनुयायी सोयीने विसरतात.

मृतांसाठी प्रार्थना हा वाद याच मुळातून येतो. शुद्धीचं काम अर्धं राहिलं असेल तर ते मरणानंतर पुरं व्हायला हवं, म्हणून कॅथलिकांची 2 नोव्हेंबरची मृतांसाठीची मिस्सा, म्हणजे उपासना. हिशेब आधीच पुरा झालाय असं मानणाऱ्या प्रोटेस्टंटांना तिची गरज वाटत नाही. आजी वारल्यावर या प्रश्नावरून घरात खटके उडू शकतात, तेव्हा आधीच बोलून घ्या.

"मग समेट झाला ना?" असं विचाराल तर बराचसा झाला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्येच कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघाने नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चेस त्यात सामील झाली. या पत्रात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले बहिष्काराचे शाप लागू होत नाहीत, असं ठरलं. पण प्रभुभोजनाची पंगत अजून वेगळीच आहे, आणि काही ल्यूथरन गटांनी हे पत्र नाकारलंही.

आता व्यवहाराचं. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं, पुन्हा बाप्तिस्मा देत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रोटेस्टंट चर्च 1970 मध्ये नागपुरात अनेक परंपरा एकत्र येऊन स्थापन झालं, तिथे बाळाचा आणि जाणत्याचा असे दोन्ही बाप्तिस्मे चालतात. काही स्वतंत्र मंडळ्या मात्र बाळपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, पाळकांना आधी विचारा. आणि दोघांनीही आपापलं चर्च ठेवायचं ठरवलं, तर कॅथलिक जोडीदाराला मिश्र विवाहाची परवानगी काढावी लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन त्यात द्यावं लागतं, आणि त्याची कल्पना दुसऱ्या जोडीदाराला दिली जाते. हे वचन पत्रिका छापून झाल्यावर कळलं की भांडण होतं, म्हणून फादरांची भेट हॉल बुक करण्याआधी घ्या.