आघात, डिसोसिएशन आणि शरीराधारित उपचार : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लहानपणीच्या आघातांचे परिणाम कमी व्हावेत म्हणून गेले काही महिने मी शरीराधारित उपचार नियमितपणे घेत आहे. सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग ही त्यांतली मुख्य पद्धत. तिच्या जोडीला आघातग्रस्तांसाठी शिकवला जाणारा योग, ठरावीक बिंदूंवर बोटांनी टिचक्या मारण्याची ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक) आणि हातांद्वारे ऊर्जा देण्याचा दावा करणारी रेकी यांचाही अनुभव मी घेतला. माझा मुख्य त्रास डिसोसिएशनचा, म्हणजे स्वतःपासून आणि भोवतालापासून मन तुटण्याचा आहे. ताण वाढला की समोरच्याचा आवाज लांबून येऊ लागतो, स्वतःचे हात परक्याचे वाटतात आणि मधला काही वेळ स्मरणातून निसटून जातो. या उपचारांचे बहुतेक अनुभव धडधड, घाम, अस्वस्थता यांनी ग्रासलेल्या लोकांनी लिहिलेले असतात. ज्यांचे शरीर ताणाखाली गप्प होते, त्यांच्या दृष्टीने या पद्धती कशा आहेत हे फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. डिसोसिएशन असलेल्या व्यक्तीने ‘सत्रानंतर शांत वाटले’ एवढ्यावरून कोणत्याही उपचाराला चांगले म्हणू नये, कारण बधिरपणाही आतून शांतच वाटतो. मी प्रत्येक सत्रानंतर वहीत वेगळ्या गोष्टी नोंदवत गेले : तळपाय जमिनीला टेकलेले जाणवतात का, सत्राचा शेवटचा भाग क्रमाने आठवतो का, आणि पुढचे एक-दोन दिवस नेहमीची कामे सलग पार पडली का. या नोंदींवरून जे चित्र दिसले, ते सत्र संपल्यासंपल्या वाटणाऱ्या समाधानापेक्षा बरेच वेगळे होते.

सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग ही पद्धत अमेरिकेतील पीटर लेव्हिन यांनी १९७०च्या दशकापासून विकसित केली. धोक्याच्या क्षणी लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीराने केलेली तयारी अर्धवटच राहिली, तर ती मज्जासंस्थेत अडकून राहते, अशी त्यामागची मांडणी आहे. प्रत्यक्ष कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मात्रा. घडलेला प्रसंग सलग सांगायचा नसतो. त्याच्या अगदी कडेला स्पर्श करायचा, शरीरात काय होते ते पाहायचे आणि लगेच सुरक्षित जाणिवेकडे परतायचे.

एका सत्रात मी बोलत असताना माझ्या थेरपिस्टच्या लक्षात आले की माझी पापणी लवणे थांबले आहे. त्यांनी मला वाक्याच्या मध्येच थांबवले. “हे वाक्य अर्धेच राहू द्या. आधी मान सावकाश वळवून खोली बघा, आणि सर्वांत लांबची वस्तू कोणती ते सांगा,” असे त्या म्हणाल्या. दार, पुस्तकांचे कपाट, कोपऱ्यातला दिवा अशी नजर फिरत गेली, मोठी जांभई आली, डोळ्यांत पाणी आले आणि मी म्हणाले, “माझे पाय गार पडले आहेत.” कंबरेखालचे काही मला सत्रात जाणवले, ते तेव्हा पहिल्यांदाच. प्रसंगाबद्दल त्या दिवशी आम्ही पुढे एक शब्दही बोललो नाही आणि वहीतल्या नोंदींप्रमाणे तेच माझे सर्वांत उपयोगी सत्र ठरले.

सुरुवातीचे आठवडे मात्र कठीण गेले. “शरीरात आत्ता काय जाणवते?” हा या पद्धतीतला नेहमीचा प्रश्न, आणि माझे प्रामाणिक उत्तर बराच काळ “काहीच नाही” एवढेच होते. चांगला थेरपिस्ट या उत्तरालाही माहिती मानतो आणि जाणिवेचा आग्रह धरत नाही. डोळे मिटून आत लक्ष देण्याने मी अधिकच दूर जात असे, त्यामुळे आम्ही डोळे उघडे ठेवून, बाहेरचे आवाज, रंग, खुर्चीच्या हाताचा खरखरीतपणा यांपासून सुरुवात केली. दीर्घ शवासन किंवा डोक्यापासून पायापर्यंत लक्ष नेण्याचे ध्यान अनेकांना मानवते. डिसोसिएशन असलेल्यांनी ते जपून आणि थोडा वेळच करावे.

योगवर्गात मला हाच विचार जपलेला आढळला. शिक्षिका परवानगीशिवाय स्पर्श करत नसत, डोळे मिटण्याची सक्ती नव्हती आणि प्रत्येक हालचाल ‘हवी असल्यास’ करायची होती. मनोविकारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतर उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) असलेल्या ६४ स्त्रियांपैकी काहींना १० आठवडे असा योग दिला होता. अभ्यासाच्या शेवटी योगगटातील ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण २९ पैकी ६ होते. अभ्यास लहान आहे, पण या प्रकारच्या योगाबद्दल भरवसा वाटावा इतका नेटका आहे.

ऊर्जा-उपचारांबद्दल माझे मत संमिश्र आहे. गॅरी क्रेग यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या ईएफटीमध्ये भुवई, डोळ्याची कड, गळ्याखालचे हाड अशा बिंदूंवर टिचक्या मारत मनातली भीती शब्दांत म्हणायची असते. शरीरातील ऊर्जावाहिन्यांचे स्पष्टीकरण मला पटत नाही. मात्र त्वचेवरची ठोस जाणीव आणि नेमके शब्द एकाच वेळी मिळत असल्याने रोजच्या काळजीसाठी मी हा सराव आजही करते. एकदा पूर्ण हरवल्यावर मात्र त्याचा उपयोग होत नाही, कारण तेव्हा सराव आठवतच नाही.

मिकाओ उसुई यांनी १९२०च्या दशकात जपानमध्ये सुरू केलेल्या रेकीचा अनुभव सत्रापुरता अतिशय सुखद होता. डोळे मिटून निवांत पडायचे, कोणी बोलत नाही, अंग हलके होते. पण त्यानंतरच्या संध्याकाळी माझ्या स्मरणातून पुसल्या जाऊ लागल्या आणि आरशातला चेहरा ओळखीचा वाटेना. मी हे सांगितले तेव्हा, जुनी ऊर्जा बाहेर पडत असल्याची ही खूण आहे, सत्रे वाढवा, असे उत्तर मिळाले. माझा आक्षेप नेमका इथे आहे. बिघाडालाही प्रगतीच मानणाऱ्या चौकटीत रुग्णाला ‘थांबा’ म्हणायला जागाच उरत नाही, आणि आघातग्रस्त माणसाच्या बाबतीत ही जागा हिरावली जाणे फार गंभीर आहे. रेकीशी साधर्म्य असलेल्या थेरप्युटिक टचची, म्हणजे शरीराजवळून हात फिरवून ऊर्जा जाणवते असे मानणाऱ्या पद्धतीची चाचणी एमिली रोझा या शाळकरी मुलीने केली होती आणि ती १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. पडद्याआड मुलीचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, हे २१ उपचारकांना २८० पैकी १२३ वेळाच ओळखता आले. रेकी मी बंद केली.

पुराव्याच्या दृष्टीने सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंगची बाजूही अजून मर्यादित आहे. २०१७ मधील नियंत्रित चाचणीत केवळ ६३ जण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी शिफारस केली ती आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) यांची. म्हणून शरीराधारित उपचार सुरू असताना मी मनोविकारतज्ज्ञांची औषधे आणि भेटी चालूच ठेवल्या. वेळ निसटण्याचे प्रकार अपस्मारामुळेही होऊ शकतात, त्यामुळे ती तपासणी आधी करून घेणे आवश्यक आहे.

आता हरवण्याची चाहूल मला आधी लागते आणि परत यायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. झोप आणि वाईट स्वप्ने यांत फरक पडलेला नाही. नवा उपचारक निवडताना मी एकच प्रश्न आवर्जून विचारते : “सत्रात मी हरवले, तर तुम्हाला ते कशावरून कळेल आणि तेव्हा तुम्ही काय कराल?” नजर, श्वास, आवाजातला बदल असे काही ठोस ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. स्वप्नांसाठी ईएमडीआर घ्यायचे ठरले आहे, पण थेरपिस्टच्या सल्ल्याने सध्या त्याच्या आठपैकी दुसऱ्या, म्हणजे तयारीच्या टप्प्यावरच आम्ही मुद्दाम थांबलो आहोत. सत्राबाहेरही मला स्वतःहून परत येता येऊ लागले, की पुढचा टप्पा सुरू होईल.