मराठी सबटायटल व्हिडिओत कसे टाकायचे: एमकेव्ही, एमपी४ की थेट बर्न?

मराठी एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली साधी टेक्स्ट फाइल) तयार आहे आणि आता ती व्हिडिओला जोडायचीये, तर आधी एवढंच बघा की समोरचा माणूस कशावर बघणार आहे, बाकी सगळं त्यावरून ठरतं.

लॅपटॉपवर व्हीएलसीत बघणार असेल तर डोळे झाकून एमकेव्ही, म्हणजे व्हिडिओ, आवाज आणि सबटायटल एकत्र ठेवणारी फाइल. ती बनवणारं एमकेव्हीटूलनिक्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, व्हिडिओ आणि एसआरटी दोन्ही आत ओढायच्या, ट्रॅकची भाषा मराठी करायची, डीफॉल्टला हो म्हणायचं आणि मक्सिंग (सगळं एका फाइलमध्ये जोडणं) सुरू करायचं, व्हिडिओ परत एन्कोड होत नाही म्हणून क्वालिटी तीच राहते आणि कामही पटकन होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी असे कितीही ट्रॅक ठेवा, एएसएस या सजावटीच्या सबटायटल प्रकारातले रंग आणि फॉन्टसुद्धा टिकतात.

आयफोन-आयपॅडवाल्यांसाठी एमपी४च बरा. एफएफएमपेगमध्ये (कमांड देऊन चालवायचं साधन) व्हिडिओ-ऑडिओ कॉपी आणि सबटायटल मोव्ह टेक्स्ट (एमपी४मधला सबटायटल प्रकार) ठेवा, झालं. फक्त एएसएसची सजावट जवळपास सगळी जाते, आणि मूळ फाइलमध्ये तीन-चार सबटायटल असतील तर कोणते घ्यायचे ते नीट मॅप करून सांगावं लागतं, नाहीतर ते एकच उचलतं. ब्ल्यू-रेवरचे पीजीएस सबटायटल असतील तर असं चालत नाही कारण ती मुळात चित्रं असतात, त्यांचा मजकूर करायला सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करा आणि मग एकेक ओळ वाचून काढाच, जोडाक्षरं हमखास चुकतात.

खरी गोची टीव्हीची. पेनड्राइव्ह लावला आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं आली तर एसआरटी यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. पण अक्षरं मराठीच दिसतायत आणि 'मिळाली' मधली पहिली वेलांटी म च्या उजवीकडे गेलीये, 'स्थिती'चं जोडाक्षर फुटून हलन्त दिसतोय, तर फाइलमध्ये काहीच चूक नाही, त्या टीव्हीला देवनागरी जुळवताच येत नाही आणि तुम्ही एसआरटी कितीही बदला, फरक पडणार नाही. अशा वेळी हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये एसआरटी इम्पोर्ट करून बर्न इन करा, म्हणजे सबटायटल चित्रातच कायमचं छापलं जातं. वेळ लागतो, क्वालिटी थोडी उतरते, सबटायटल बंद करता येत नाही, तरी आजीला नीट वाचता येणार असेल तर मी बिनधास्त हेच करीन. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या क्लिपलाही बर्नच लागतं. हँडब्रेकमधला क्वालिटीचा आकडा, आरएफ, २०-२२ ठेवा, आधी दोन मिनिटांचा तुकडा करून त्याच टीव्हीवर लावून बघा, आणि मूळ व्हिडिओ व एसआरटी अजिबात डिलीट करू नका, बर्न केलेल्यातली चूक नंतर सुधारता येत नाही.