स्प्रे की बर्फ, १०८ की कुणाची तरी कार? टुर्नामेंटच्या आधी ठरवून ठेवा

भात कापून झालं की आमच्याकडे गोव्यात शेतातच फुटबॉलचं मैदान तयार होतं, पोल रोवले की झालं, आणि वाफ्यावाफ्यांत ढेकळं असल्यामुळे दर मॅचला कुणाचा ना कुणाचा घोटा मुरगळतोच. मग पोरं विचारतात, किटमध्ये काय घ्यायचं, पैसे तर थोडेच जमलेत. माझं मत सरळ आहे, ते आधीच सांगतो: पैसे दुखण्यावर मारायच्या थंड स्प्रेवर कमी आणि बर्फ-क्रेप बँडेजवर जास्त घाला.

स्प्रे दिसायला भारी, फुस्स केलं की प्रेक्षकांनाही वाटतं काहीतरी इलाज चाललाय. पण तो थंडावा कातडीपुरता, आत फाटलेल्या लिगामेंटला त्याचा पत्ताच नसतो. दोन-चार मिनिटं दुखणं दबतं आणि नेमकं तेच वाईट. आमच्या एका डिफेंडरला असाच स्प्रे मारून सेकंड हाफला उतरवला, मारणारा मीच होतो, दुसऱ्या दिवशी एक्स-रेत करंगळीच्या बाजूचं हाड मोडलेलं निघालं. उघड्या जखमेवर तर स्प्रे नकोच, आणि बाजूला कुणी सिगरेट ओढत असेल तर बहुतेक स्प्रे पेटू शकतात.

बर्फाला गोव्यात तोटा नाही, मासळीवाल्याकडून पिशवीभर आणा (बांगड्याचा वास येतो, सहन करा). ओल्या फडक्यातून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही. पण बर्फालाही देव करू नका, त्यानं दुखणं कमी होतं, जखम लवकर भरते असं नाही. १९७८ मध्ये ‘राइस’ म्हणजे विश्रांती, बर्फ, दाब, पाय वर, हे सूत्र ज्या डॉक्टर गेब मर्किननं मांडलं त्यानंच पुढे म्हटलं की बर्फानं भरून येणं लांबू शकतं. म्हणून माझ्या हिशोबात बर्फापेक्षा क्रेप बँडेज मोठं. बोटांकडून वर गुंडाळत जायचं, बोटं निळी-थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करायचं. ती रंगीत टेप टीव्हीवर छान दिसते, पण ताज्या सुजेवर आपल्यासारख्यांनी तिच्या नादाला लागू नये.

आता मुरगळलाय की मोडलाय? यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये नियम काढलेत आणि ते मैदानावरही उपयोगी पडतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं आहेत त्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत बोटानं दाबा. मग करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तो दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. हाडावरच दुखलं, किंवा लागल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे हवा. लंगडत टाकली तरी ती पावलंच धरतात. लहान मुलांच्या किंवा दारू पिऊन आलेल्या गड्याच्या बाबतीत मात्र यावर विसंबू नका.

घोट्याला आपली कार बरी. १०८ ची अँब्युलन्स कशाला अडवायची, पाय उशीवर वर ठेवा आणि चला. पण कुठे? जवळच्या हेल्थ सेंटरात रविवारी संध्याकाळी एक्स-रे चालू असतो का ते आधी फोन करून विचारा, नाहीतर तिथून परत म्हापशाला आझिलोत (जिल्हा हॉस्पिटलात), म्हणजे दोन फेऱ्या.

डोकं किंवा मान असेल तर उलट. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, तर त्याला उचलून कारच्या मागच्या सीटवर कोंबायचं नाही म्हणजे नाही. डोकं तसंच धरून ठेवा, १०८ लावा. डोक्याला टक्कर बसलेल्याला विचारा, आपण कुठल्या मैदानावर आहोत, कुठला हाफ चाललाय, शेवटचा गोल कुणी मारला? गडबडला तर त्या दिवशी खेळ बंद, कॅप्टन काहीही म्हणो. अन् बरोबर सांगितलं तरी शंका असेल तर बाहेरच. उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट, पेंगणं यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, १०८ नं सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात.

आणि कुणी, धक्का लागो वा न लागो, अचानक कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. फोन स्पीकरवर टाकून १०८ आणि लगेच छातीच्या मध्यावर दाबणं, मिनिटाला १०० ते १२०, साधारण ५-६ सेंटीमीटर खोल. आमच्या धेंपो क्लबचा स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरात फेडरेशन कपच्या फायनलला दुसरा गोल करताना गोलकीपरशी टक्कर होऊन मैदानातच कोसळला आणि गेला, आमच्या पिढीला तो दिवस आठवतो. २०२१ च्या युरो कपात डेन्मार्कचा एरिक्सन कोसळला तेव्हा लगेच सीपीआर (हेच छाती दाबणं) आणि हृदयाला शॉक मिळाला, तो वाचला, पुढे खेळलासुद्धा. शॉकचं मशीन आपल्याला परवडणारं नाही, पण दाबायला शिकायला फारसा खर्च नाही, टीममधले चार जण तरी शिकून ठेवा.

एक राहिलंच, शेताकडे येणाऱ्या वाटेवर स्कूटरी लावू देऊ नका, अँब्युलन्स तिथूनच आत यायची असते आणि मॅच रंगली की मालक कुठे उभा आहे ते कुणालाच सापडत नाही.