सव्वादोन वर्षं वापरलेला ४३ इंची टीव्ही: दिवा गेला एक, कंपनीनं मागितले २१,८३० रुपये

हा टीव्ही मी २०२२ च्या दसऱ्याला सांगलीत २७,४९० रुपयांना घेतला. फोर-के, आवाज, ॲप्स वगैरेंबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, ते मी पुन्हा उगाळत नाही. दोन वर्षं तक्रारीला जागा नव्हती. सहा महिने झाले तेव्हा मी चारपाच ओळखीच्यांना हाच घ्या म्हणून सांगितलंही होतं. ते शब्द आज मागे घेतो. टीव्ही वाईट निघाला असं नाही, पण बिघडल्यावर कंपनी जी वागली ते पाहून कुणाला घ्या म्हणायला जीभ रेटत नाही.

फेब्रुवारी २०२५. आई संध्याकाळी मालिका बघत होती आणि चित्र एकदम गेलं. आवाज चालू, रिमोट चालू, पडदा काळा. पूर्ण टीव्हीची वॉरंटी एक वर्ष, पॅनेलची, म्हणजे चित्र काढणाऱ्या पडद्याची, आणखी एक. दोन्ही संपून चार महिने झाले होते.

कस्टमर केअरला तीन दिवसांत पाच फोन केले. दर वेळी मॉडेल नंबर, सीरियल नंबर, पिनकोड पहिल्यापासून सांगायचा. चौथ्या दिवशी मुलगा आला. त्यानं प्लग काढून परत लावला, मागचं झाकण उघडलंच नाही, आणि म्हणाला, "पॅनेल गेलंय. व्होल्टेजमुळे होतं असं." एस्टिमेट आलं जीएसटी धरून २१,८३०. व्हिजिटचे ५९० वेगळे, ते जागेवर दिले. मी म्हटलं, नक्की कुठला भाग गेलाय तो दाखवा, तेवढाच बदला. तर तसा सुटा भाग सिस्टीममध्ये येतच नाही, फक्त पूर्ण पॅनेल येतं.

एवढ्यावर मिटलं असतं तरी चाललं असतं. पण निघताना तो माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागायला लागला. मी विचारलं, कशासाठी? "कॉल क्लोज करायला." काम झालेलं नाही तर क्लोज कसला? मी ओटीपी दिला नाही. तरी रात्री मेसेज आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे. हा मेसेज मी अजून जपून ठेवलाय. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. आई काळ्या पडद्यासमोर बसून मालिकेचे नुसते संवाद ऐकत होती आणि त्यांच्या कागदावर आमचा टीव्ही दुरुस्त झाला होता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवतात. आठ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं: वॉरंटी संपलेली आहे, तरी पॅनेलवर १५ टक्के सूट देऊ. म्हणजे तरीही साडेअठरा हजार. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, तेही उघडून बघितलं. माझ्या कंपनीच्या नावाखाली वॉरंटीची माहिती आणि कस्टमर केअरचा तोच नंबर. मला हवी होती सुट्या भागांची यादी आणि किंमत, ती सापडली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे मला माहीत होतं, पण वॉरंटी संपलेल्या टीव्हीसाठी तारखांना जायची माझी तयारी नव्हती.

मग आमच्या मागच्या गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांकडे गेलो. हे पिक्चर ट्यूबच्या काळापासूनचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी शिरलेली आमच्या भागातली कितीतरी यंत्रं यांनी धुऊन-वाळवून चालू केली. त्यांनी टीव्ही न बघताच सांगितलं, "आज रात्री खोलीत अंधार करा, टीव्ही लावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून बघा." तसं केलं. उजेडाच्या त्या गोलात बातम्या देणाऱ्याच्या टायची गाठ आणि खाली सरकणारी अक्षरं अगदी पुसट, पण दिसली! म्हणजे पॅनेल चित्र काढत होतं. त्याच्या मागचा उजेड तेवढा गेला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी टीव्ही गादीवर पालथा घातला. उघडताना काच तडकू शकते, तडकली तर टीव्ही गेला समजायचं, हे आधीच कबूल करून घेतलं. काच अलगद उचलून बाजूला ठेवली, मग दुधी रंगाचे कागद एकेक करून काढले. आत तीन पट्ट्या, प्रत्येकीवर आठ दिवे, प्रत्येक दिव्यावर भिंगाची छोटी टोपी. टेस्टर लावत गेले. मधल्या पट्टीवरच्या पाचव्या दिव्याच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका होता. दिवे एका माळेत जोडलेले असतात, एक तुटला की सगळी माळ बंद. बाकीचेही तेवढेच जुने झालेत म्हणून काकांनी तिन्ही पट्ट्या नव्या टाकल्या. पट्ट्या १,३००, मजुरी १,१००. एकूण २,४००.

इथवर मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. आज सप्टेंबर आहे, आणि दोन गोष्टींबद्दल माझं मत बदललंय.

एक म्हणजे त्या मुलावर मी उगाच चिडलो. काका म्हणाले, ह्या पोरांना पॅनेल उघडायची परवानगीच नसते, कॉल क्लोज झाला तरच त्यांना पैसे मिळतात. राग आता कंपनीवरच आहे, आणि तो कमी झालेला नाही. जी पट्टी गल्लीतल्या माणसाला मिळते ती बनवणाऱ्याच्या यादीत नाही, हे मला कुणी पटवून देऊ शकत नाही.

दुसरं, त्या मुलानं व्होल्टेजचं सांगितलं म्हणून स्टॅबिलायझर घ्यायला निघालो होतो, ते रद्द केलं. दिवे लवकर जातात ते उष्णतेनं. माझ्या टीव्हीचा बॅकलाइट, म्हणजे या मागच्या दिव्यांचा उजेड, दुकानातून आला तसाच शंभरवर होता आणि आई रोज सहासात तास बघते. सेटिंगमध्ये बघाल तर ब्राइटनेस आणि बॅकलाइट वेगवेगळे असतात. बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेस कमी केला तर नुसता काळा रंग गडद होतो, दिव्यांवरचा ताण तेवढाच राहतो. बॅकलाइट शोधा आणि तो खाली आणा. मी ५५ वर ठेवलाय, पहिले दोन दिवस अंधुक वाटलं, मग डोळे सरावले. सहा महिने झाले, टीव्ही व्यवस्थित चालू आहे. डाव्या कोपऱ्यात पांढरा रंग किंचित निळसर दिसतो, तो मला चालतो.

मागच्या आठवड्यात मेहुण्याला टीव्ही घ्यायचा होता. दुकानात जायच्या आधी त्याला काकांकडे नेलं आणि विचारलं, कुठल्या मॉडेलच्या पट्ट्या सहज मिळतात? त्यांनी दोन सांगितले, त्यातला एक घेतला. घरी लावल्याबरोबर मी रिमोट मागून घेतला आणि बॅकलाइट ५० वर आणला.