दोन गावांत एकच वही: ग्नूकॅश आणि ड्रॉपबॉक्स

सहकारी बँकेत हाताने खतावणी लिहिण्यापासून नोकरीला सुरुवात केली, त्यामुळे घरखर्चाची मोबाइल ॲप्स मला पटत नाहीत. किराण्याला अमुक रुपये गेले एवढं लिहून घेतात, कुठल्या खात्यातून गेले ते विचारत नाहीत. ग्नूकॅश हे संगणकावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र विचारतं. नावे आणि जमा जुळले नाहीत, तर फरक ‘इम्बॅलन्स’ खात्यात टाकतं. न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायचं आमचं सस्पेन्स खातंच ते! 1998 पासून चालत आलेलं, आणि फुकट. वर्ष 1 एप्रिलपासून धरायलाही सांगता येतं.

प्रश्न दोन घरांचा होता. मी सांगलीत, विंडोजवर. सौ. नातवापायी बराच काळ पुण्यात, तिच्या हाताशी लेकीचा जुना लिनक्स लॅपटॉप. पेन्शन दोघांची, एफड्या सामायिक, तेव्हा वही एकच हवी. म्हणून ग्नूकॅशची फाइल ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात ठेवली. या फोल्डरातली फाइल इंटरनेटवरून दोन्ही संगणकांवर सारखी राहते. फुकटात गूगल ड्राइव्ह 15 जीबी देतं आणि ड्रॉपबॉक्स 2, पण लिनक्ससाठी स्वतःचं सॉफ्टवेअर ड्रॉपबॉक्सचं आहे, गूगलचं नाही. घरच्या हिशेबाला 2 जीबी उदंड झाले. फुकटात तीनच उपकरणं जोडता येतात, तीही आम्हाला पुरतात.

आता खरी गोम. ग्नूकॅश एका वेळी एकाच माणसासाठी बनवलंय. फाइल उघडली की शेजारी शेवटी ‘एलसीके’ असलेली छोटी कुलूप-फाइल तयार होते, बंद केली की जाते. हे कुलूपही ड्रॉपबॉक्समधून दुसऱ्या गावी पोचतं, त्यामुळे सौ.ने वही उघडलेली असेल तर मला इशारा मिळतो. पण इंटरनेट चालू असेल तरच! नेट गेलेलं असताना दोघांनी लिहिलं, तर ड्रॉपबॉक्स दोन्ही प्रती ठेवतं, एकीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ जोडून. त्या आपोआप एक होत नाहीत. एकीतल्या नोंदी दुसरीत हाताने चढवायच्या. म्हणून आमच्याकडे फोन ठरलेला: “ठेवलीस का वही?” “ठेवली, हिरवी खूण आली.” (म्हणजे ड्रॉपबॉक्सने फाइल वर चढवली.) मगच मी उघडतो. इशाऱ्याच्या चौकटीत ‘तरीही उघडा’ अशा अर्थाचं बटण असतं. फोन केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

ग्नूकॅश फाइल साठवताना प्रकार विचारतं, तेव्हा ती एक्सएमएल प्रकारातच ठेवा. ती सेव्ह केल्यावरच लिहिली जाते. एसक्यूलाइट या दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नोंद लगेच फाइलीत उतरते, म्हणजे वही उघडी असतानाच ड्रॉपबॉक्स ती उचलायला धावणार. फोल्डरात तारीखवार जुन्या प्रतींची गर्दी होते, तिला घाबरू नका. मूळ सेटिंगप्रमाणे त्या 30 दिवस राहतात, दिवस कमी करता येतात. मी केलेले नाहीत. बँकेतल्या माणसाला जुनी प्रत फेकवत नाही.

फाइलीला पासवर्ड नसतो, ही मला खटकणारी गोष्ट. क्रिप्टोमेटर हे फाइली सांकेतिक करणारं सॉफ्टवेअर वापरून फोल्डर कुलूपबंद करता येतो, पण सौ.ला आणखी एक पासवर्ड नको होता. तेव्हा खात्यांना नुसती ‘बचत’, ‘पेन्शन’ अशी नावं दिली, खाते क्रमांक कुठेच लिहिले नाहीत.

आणखी एक. आपण बेतून साठवलेले रिपोर्ट या फाइलीत नसतात, ज्या त्या संगणकावर राहतात. त्यामुळे मार्चअखेरचा ताळेबंद सांगलीतच निघतो आणि पीडीएफ पुण्याला जाते. तपासून परत येते ती शंकांसकट.