टेम्सच्या मुखातलं बॉम्बचं जहाज: राहू द्यावं की उपसावं?

‘बुडालेलं दारूगोळ्याचं जहाज आहे तिथेच राहू द्यावं’ हा विषय वादविवादासाठी हाती आलाय आणि अनुकूल बोलावं की प्रतिकूल, हे ठरत नाहीये, अशा नाशिकच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. विषयातलं जहाज म्हणजे ‘एसएस रिचर्ड माँटगोमेरी’. समुद्र आपल्यापासून दूर असला तरी देवळालीच्या तोफखान्यामुळे स्फोटकांशी नाशिकची ओळख जुनी आहे, त्यामुळे श्रोते तुम्हाला सहज सोडतील असं समजू नका.

युद्धकाळात अमेरिकेने झपाट्याने बांधलेल्या लिबर्टी जहाजांपैकी हे एक, १९४३ सालचं. ऑगस्ट १९४४ मध्ये सहा हजार टनांहून जास्त दारूगोळा घेऊन ते फ्रान्समधल्या शेरबूरला निघालं होतं. इंग्लंडमधल्या टेम्स नदीच्या मुखाशी, शीअरनेस गावासमोर थांबलेलं असताना २० ऑगस्टला नांगर घसरला आणि ते वाळूच्या दांड्यावर चढलं. माल उतरवायला सुरुवात झाली न झाली तोच जहाज तडकलं आणि पुढच्या कप्प्यांत पाणी शिरलं. २५ सप्टेंबरपर्यंत जमेल तेवढा माल काढून काम सोडून दिलं. पुढच्या भागात आजही साधारण १,४०० टन स्फोटकं आहेत. गाव तिथून अडीच किलोमीटरसुद्धा नाही. भरतीतही डोलकाठ्या पाण्यावर दिसतात.

‘राहू द्या’ म्हणणाऱ्यांचं बळ

या बाजूचा हुकमी एक्का म्हणजे ‘किएल्त्से’. हे पोलिश मालवाहू जहाज १९४६ मध्ये टक्कर होऊन इंग्लंडच्याच फोकस्टनजवळ बुडालं, पोटात दारूगोळा घेऊन. एकवीस वर्षं कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. मग ते काढायचं काम सुरू झालं आणि जुलै १९६७ मध्ये कामाच्या दरम्यानच सगळं उडालं. धक्का भूकंपासारखा नोंदला गेला, समुद्राच्या तळाला सहा मीटरचा खड्डा पडला, गावात घबराट उडाली. माणसं वाचली, कारण जहाज किनाऱ्यापासून काही किलोमीटर दूर आणि खोल पाण्यात होतं. माँटगोमेरी त्याहून जवळ आहे आणि उथळ पाण्यात. म्हणजे हात लावला नाही तोवर शांत, हात लावला की स्फोट. परीक्षकांच्या मनात हे चित्र पहिल्या दोन मिनिटांत बसवता आलं, तर अर्धं काम झालं.

दुसरा मुद्दा रसायनाचा. बॉम्बमधलं टीएनटी हे स्फोटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि डिटोनेटरशिवाय, म्हणजे स्फोट सुरू करून देणाऱ्या छोट्या स्फोटकाशिवाय, सहसा फुटत नाही. मोठ्या बॉम्बमधले फ्यूज (बॉम्ब फोडणारी यंत्रणा) काढून ते वेगळे पाठवायची पद्धत होती. शिवाय ऐंशी वर्षं काही झालेलं नाही. हा शेवटचा भाग बोलताना मात्र जपा. ‘आजवर पडला नाही म्हणून उद्याही पडणार नाही’ हे जुन्या नाशकातल्या प्रत्येक धोकादायक वाड्याबद्दल दर पावसाळ्यात ऐकू येतं, आणि ते कुणाला पटत नाही.

लक्ष नाही असंही नाही. १९७३ च्या कायद्याने जहाजाभोवती प्रवेशबंदी आहे, रडारने चोवीस तास पहारा असतो, सांगाड्याची नियमित पाहणी होते.

‘उपसा’ म्हणणाऱ्यांचं बळ

इथे एक्का नाही, पण हात भक्कम आहे. गंजणारं जहाज ‘आहे तसं’ राहतच नाही. पोलाद दरवर्षी पातळ होतं आणि वरचं डेक खाली बसलं तर ते बॉम्बच्या थरावरच बसणार. सगळेच बॉम्ब बिनफ्यूजचे नाहीत, तुकडे उडवणाऱ्या क्लस्टर बॉम्बना फ्यूज बसवलेले होते. काही फ्यूजमधलं लेड अझाइड हे स्फोट सुरू करणारं रसायन ओलाव्याने बदलून पितळेतल्या तांब्याशी संयोग पावलं, तर अतिशय संवेदनशील कॉपर अझाइड तयार होऊ शकतं. म्हणजे वेळ गेला की धोका कमीच होतो, असं धरून चालता येत नाही.

त्यात हा रहदारीचा जलमार्ग आहे आणि जवळच्या आयल ऑफ ग्रेनवर द्रवरूप नैसर्गिक वायूचं मोठं टर्मिनल आहे. १९७० च्या एका अभ्यासाप्रमाणे सगळा साठा एकदम फुटला तर तीनशे मीटर रुंदीचा पाण्याचा स्तंभ तीन किलोमीटर उंच जाईल आणि पाच मीटरची लाट उठेल. हे आकडे वापरा, पण ‘लंडन बुडेल’ वगैरे मीठमिरची लावू नका, पहिल्याच प्रश्नाला पाय घसरेल.

डोलकाठ्या कापण्याचा मधला मार्गही आहे. त्यांचं वजन सांगाड्यावर पडतं म्हणून त्या काढायचं ब्रिटिश सरकारने २०२० मध्ये जाहीर केलं आणि मग तारखा पुढे पुढे गेल्या. दोन्ही बाजू हे वापरू शकतात: ‘बघा, काठी कापायलाही भीती’ किंवा ‘बघा, राहू द्या म्हणणाऱ्यांनाही आता राहवत नाही’.

मुंबईचा दाखला तुम्ही देणारच. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं, तेव्हा त्यावरही सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. शेकडो माणसं गेली, त्यांत ६६ अग्निशमन जवान होते. पण ते जहाज तरंगत होतं, कापसाच्या गाठींना आग लागलेली होती आणि आजूबाजूला भरगच्च बंदर होतं. वाळूत रुतलेल्या, पाण्याखालच्या जहाजाशी त्याची थेट बरोबरी केलीत तर समोरचा तुम्हाला तिथेच धरेल. एवढा साठा गावाजवळ म्हणजे काय, हे दाखवण्यापुरतंच ते घ्या.

मग कोणती बाजू?

पहिल्यांदा व्यासपीठावर उभे राहत असाल तर ‘राहू द्या’. गोष्ट सरळ आहे, किएल्त्से पाठीशी आहे. खंडनात हात बसला असेल तर ‘उपसा’ घ्या. मी असतो तर हीच घेतली असती. किएल्त्सेला उत्तर आहे: तिथे कवच फोडायला स्फोटकंच वापरली होती. त्या घटनेवरून ती पद्धत चुकीची ठरते, काढण्याचा विचार नाही. मात्र उपसायचं म्हणजे काय, ते टप्प्याटप्प्याने सांगा, आणि त्या काळात गाव हलवावं लागेल, टर्मिनलचं काम थांबवावं लागेल, हे स्वतःहून कबूल करा. लपवलंत तर समोरचा ते काढेल.

परीक्षकांत देवळालीच्या तोफखाना स्कूलमधून निवृत्त झालेले कुणी साहेब असतील, तर एक प्रश्न जवळपास ठरलेला: ‘रेंजवर (गोळाबारीच्या सरावाच्या मैदानावर) ब्लाइंड, म्हणजे न फुटलेला गोळा, सापडला तर आम्ही तो हलवत नाही, जागेवरच उडवतो. इथे तसं का नको?’ गडबडू नका. रेंजवर एक गोळा उडवताना आजूबाजूचं आधी रिकामं करता येतं. इथे एक उडवला की शेजारचे हजारो त्याच्याबरोबर जाण्याची भीती आहे, आणि समोर शीअरनेस आहे. म्हणून ‘जागेवर उडवा’ हा तिसरा पर्याय दोन्ही बाजूंना नकोच आहे, हे आधी सांगा आणि मग आपल्या मुद्द्याकडे वळा.