तीन संख्यांची बेरीज: पुढे मोजत जायचं की आधी दहा करायचे?

पहिली-दुसरीतल्या लेकराला ७ + ५ + ३ घातलं की घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, सात मनात धर आणि बोटं मोज. शाळेतल्या बाई म्हणतात, आधी दहाची जोडी शोध.

बोटांना पूर्वतयारी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण चूक ठरलेल्या जागी होते. लेकरू 'सात' म्हणतानाच पहिलं बोट उघडतं: सात, आठ, नऊ, दहा, अकरा. मग 'अकरा' म्हणत पुन्हा तसंच, आणि उत्तर येतं १३. त्याला धांदरट म्हणू नका. मनात धरलेल्या आकड्याच्या पुढचा आकडा पहिल्या बोटावर यायला हवा, एवढंच दाखवा.

दहाच्या रीतीत ७ आणि ३ आधी जवळ येतात, पाच नंतर मिळतात. बेरजेत क्रम बदलला तरी चालतं, हे आपोआप कळतं आणि पुढे हातच्याची बेरीज जड जात नाही. मात्र ९-१, ८-२, ७-३, ६-४, ५-५ या जोड्या तोंडावर हव्यात. सातचा जोडीदार बोटांवर शोधावा लागत असेल तर काम दुप्पट होतं.

आणखी एक अडचण आहे. १ ते ९ मधले कोणतेही तीन अंक घेतले, तोच अंक पुन्हा चालवला आणि क्रम बदलला की वेगळी बेरीज धरली, तर ७२९ बेरजा होतात. त्यांतल्या फक्त २१७ मध्ये दहाची तयार जोडी सापडते. सरावाच्या बेरजा मुद्दाम जोडी ठेवूनच दिलेल्या असतात, म्हणून सगळं सोपं वाटतं. ६ + ८ + ९ दिलं की लेकरू अडतं. तिथे संख्या फोडायलाच शिकवावं लागतं. फरशीवर खडूने पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखा, अशा दोन चौकटी. एकीत नऊ चिंचोके, दुसरीत आठ, सहा हातात. हातातला एक देऊन पहिली भरा, दोन देऊन दुसरी. हातात तीन उरले, उत्तर २३. यासाठी नागपूरच्या बर्डी बाजारातून महागडं साहित्य आणायला नको.

माझं मत स्पष्ट आहे: जोड्या पाठ असतील तर दहाची रीत घ्या, आणि फोडणंही सोबतच शिकवा. नसतील तर बोटं खुशाल वापरू द्या, जोड्यांचा खेळ रोज थोडा घ्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवरच्या सुट्टीतल्या दुपारी कुलरसमोर बसून चिंचोके खेळायला चांगल्या. दुसरी संपत आली तरी बोटं सुटत नसतील, तर काही दिवस बेरजा बाजूला ठेवून नुसत्या जोड्याच घ्या.